डेन्बीशरचं गाऱ्हाणं

सुगंधा धुरी हे नाव तुम्ही कुठे छापलेलं पाहिलं असण्याची शक्यता नाही. म्हणूनच मी हे लिहायला बसले आहे, आणि रागात लिहिते आहे हे आधीच सांगून टाकते. शांत डोक्याने लिहिण्याइतकी मी अजून थंड झालेली नाही आणि व्हायची इच्छाही नाही.

घाटकोपर पश्चिमेला आमचं ऑफिस, सहर्ष टूर्स. मी अपूर्वा, तिथे व्हिसाचं टेबल बघते. माझ्या उजव्या हाताला खिडकीजवळ सुगंधाताई बसायची. वय त्रेपन्न, लग्न केलेलं नाही, कांजूरमार्गला दोन खोल्यांत आईबरोबर राहायची. वारा उलटा फिरला की डंपिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास थेट स्वयंपाकघरात येतो असं ती सांगायची. आणि ही बाई दिवसभर बसून जगातल्या सुंदर सुंदर जागांबद्दल लिहायची. कुठल्या टूरमध्ये कुठल्या दिवशी काय बघायचं, काय करायचं, किती वाजता बस सुटायची, सगळं तिच्या हातचं. स्वतः ती गोव्याच्या पुढे गेली नव्हती.

आमचे प्रवासी म्हणजे रिटायर झालेली जोडपी. मुलुंड, भांडुप, कांजूर, विक्रोळी. त्यांना काय हवं असतं ते सुगंधाताईइतकं कोणालाच कळत नसे. अडीच तासांच्या आत बाथरूम, सकाळी पोहे किंवा उपमा, आणि गुडघ्यांना झेपतील एवढ्याच पायऱ्या. ती परदेशात फोन करून किल्ल्याच्या पायऱ्या विचारायची. "नॉट मेनी" असं उत्तर आलं की म्हणायची, "मॅडम, नॉट मेनी इज नॉट नंबर. यू काउंट अँड टेल." आणि तिकडची बाई खरंच मोजून सांगायची.

२०१३ साली आमचे मालक राजेश वैद्य यांना सुचलं की स्कॉटलंड सगळेच करतात, आपण वेल्स करू. पण शहरं नकोत, खेडी हवीत. नकाशावर बोट ठेवून त्यांनी उत्तरेकडचा डेन्बीशर नावाचा परगणा काढला आणि सुगंधाताईला म्हणाले, "ताई, इथे बघण्यासारखं काय आहे ते शोधा." एवढं बोलून ते जेवायला गेले. पुढची अकरा वर्षं ती शोधत होती.

आधी काम म्हणून. मग काय झालं कोण जाणे, बाई त्या परगण्याच्या प्रेमातच पडली. तिथे लँगॉलन नावाच्या गावात कालव्यातून होडी जाते आणि ती घोडा ओढतो. काठावरून घोडा चालतो, मागे दोर, दोराला होडी, इंजिनाचा आवाज नाही. हे तिने मला इतक्या वेळा सांगितलं की त्या घोड्याचा रंगही मला पाठ झाला होता. रिथिनमध्ये जुना तुरुंग आहे, आत जाऊन कोठडी बघता येते. मोइल व्हामाय नावाचा डोंगर ऑगस्टमध्ये जांभळा होतो, म्हणून टूर मेमध्ये नाही, ऑगस्टमध्ये न्यायची. घोड्याच्या नालेसारखं वळण घेणारी खिंड आहे, तिच्या माथ्यावर चहा मिळतो आणि बाथरूमही आहे. खेड्यातल्या खानावळी दुपारी दोनला चूल बंद करतात, तेव्हा आपली माणसं पावणेदोनला पोचली तर उपाशी राहणार, म्हणून त्या दिवशी डबे बरोबर. ग्वेन नावाची एक म्हातारी तिथे छोटं गेस्ट हाउस चालवायची. दुपारी अडीचला, म्हणजे तिकडे सकाळी दहाला, सुगंधाताई तिला फोन करायची. दोघींच्या इंग्रजीचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण अर्धा अर्धा तास बोलायच्या. मेंढ्या व्याल्या का, डोंगरावर धुकं आहे का, सगळं.

या सगळ्याची तिने फाइल केली. फाइल कसली, तीनशे पानांचं पुस्तकच ते. कारण तिला नुसतं "भेट द्या" असं लिहिता येत नसे. तिथल्या एका पडक्या मठाबद्दल लिहिताना तिने लिहिलं होतं की छप्पर गेलं तरी खिडक्यांनी उभं राहणं सोडलेलं नाही. मी ते वाचून म्हटलं, "ताई, तू न जाता कसं गं लिहितेस?" तर म्हणाली, "गेलेले लिहितात कुठे? ते सेल्फी काढतात."

२०१९ मध्ये राजेश सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, पुढच्या ऑगस्टला डेन्बीशरच्या बसबरोबर टूर मॅनेजर म्हणून सुगंधाताई जाणार. तिने पासपोर्ट काढला. लोकरीची टोपी आणली. पुढचं वर्ष लॉकडाउनमध्ये गेलं. २०२२ला टूर पुन्हा सुरू झाली तेव्हा सरांनी बहिणीच्या मुलाला, सौरभला पाठवलं. कारण काय, तर ताईंचं इंग्रजी फर्डं नाही. सौरभचं इंग्रजी फर्डं होतं, त्याने पहिल्याच दिवशी दोन वाजता माणसांना खानावळीच्या बंद दारासमोर उभं केलं आणि फर्ड्या इंग्रजीत भांडण केलं. सुगंधाताईने घाटकोपरमधून ग्वेनला फोन करून पन्नास माणसांच्या सूपची सोय लावली. तेव्हा आम्ही कोणीच सरांना काही बोललो नाही. मीही नाही. हे मी माझ्या नावावर लिहून ठेवते.

पण खरी गोष्ट २०२४ची. कंपनीला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती आणि सरांना पुस्तक काढायचं होतं, स्वतःच्या नावाचं प्रवासवर्णन. डेन्बीशरला ते एकदाच गेले होते, दोन दिवस, आणि त्यातला दीड दिवस सर्दी झाली म्हणून हॉटेलच्या खोलीत पांघरूण घेऊन पडून होते. त्यांनी सुगंधाताईकडे तिची फाइल मागितली, "रेफरन्सला हवी." तिने दिली. तीन महिन्यांनी तिच्या टेबलावर गठ्ठा आला, छापायच्या आधीची पानं. वर सरांची चिठ्ठी, "ताई, शुद्धलेखन तेवढं बघून घ्या."

तिने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि मग मला हाक मारली. सगळं तिचंच होतं. घोडा, दोर, होडी, मठाच्या खिडक्या, जांभळा डोंगर. फक्त जिथे तिने "प्रवाशांना दिसेल" लिहिलं होतं तिथे "मी पाहिलं" केलं होतं. वर राजेश वैद्य. शेवटी आभाराचं पान. पत्नीचे आभार, सौरभचे आभार, टूरवर पोहे करणाऱ्या धोंडिराम महाराजांचे नावानिशी आभार, आणि "कार्यालयातील इतर कर्मचारी". इतर!

मला वाटलं ती रडेल. ती उठली, सरळ सरांच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं.

"सर, माझं नाव राहिलंय."

"कुठे राहिलंय, ताई?"

"पुस्तकावर. मोठ्या अक्षरात नको, बारीक चालेल. लिहिलंय मी ते."

सर हसले. "अहो, तुम्ही कंपनीसाठी लिहिलंत. कंपनी म्हणजे मी. आणि न गेलेल्या माणसाचं नाव प्रवासवर्णनावर टाकलं तर लोक हसतील ना."

ती बाहेर आली. तोंड पांढरं पडलं होतं. खुर्चीत बसून मला म्हणाली, "अपूर्वा, आता मला वेल्स नको. मला माझं नाव पाहिजे. ह्याच्या तोंडून पाहिजे. नाही दिलं तर ह्याला सोडणार नाही मी."

त्या आठवड्यात ती रोज उशिरापर्यंत गठ्ठ्यावर लाल पेन चालवत बसली. शुक्रवारी तिने मला एक पान दाखवलं. तिच्या फाइलमध्ये एका जुन्या विहिरीची नोंद होती. पूर्वी ती डेन्बीशरमध्येच मोडायची, आता शेजारच्या परगण्यात. त्या विहिरीत लोक शत्रूचं नाव लिहून टाकायचे, म्हणजे त्याचं वाटोळं होईल. दोन शतकांपूर्वी सरकारने ती बंद पाडली. एवढं खरं. त्याच्याखाली ताईने दीड पान नवं घातलं होतं. त्यात राजेश सर विहिरीपाशी जातात, तिथे गावातला एक म्हातारा भेटतो आणि वडिलोपार्जित प्रार्थना म्हणून दाखवतो, आणि भोवतालची माणसं एका सुरात उत्तर देतात.

मी सांगलीची. मला ती प्रार्थना फारच छान वाटली. म्हटलं, "हे ग्वेनने सांगितलं का?"

"ग्वेनने कुठलं! हे माझ्या बाबांचं गाऱ्हाणं आहे."

मग तिने समजावलं. तिच्या कोकणातल्या गावी देवासमोर नारळ ठेवतात आणि एक जण मोठ्याने देवाला साकडं घालतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो "म्हाराजा" म्हणतो आणि जमलेला गाव "व्हय म्हाराजा" म्हणून हुंकार भरतो. रक्षण कर म्हणून घालतात, तसंच कोणी अन्याय केला असेल तर त्याला धर म्हणूनही घालतात. गिरणी बंद पडल्यावर तिचे बाबा गावी जाऊन हेच करायचे. मालवणी माणूस जगात कुठेही असो, "म्हाराजा" ऐकलं की त्याच्या तोंडून उत्तर आपोआप जातं. ताईने बोली काढून त्याचं साधं मराठी केलं होतं, सरांना वास येऊ नये म्हणून.

"आणि सर वाचतील ना गं छापायच्या आधी!"

"तो? त्याने हे पुस्तक कधी वाचलंय?"

नाही वाचलं. पुस्तक छापून आलं. प्रकाशन मुलुंडच्या एका सभागृहात ठरलं. सर म्हणाले, "ताई, हॉल भरला पाहिजे हं." ताईने जुन्या प्रवाशांची यादी काढली आणि स्वतः एकेकाला फोन केले. भांडुपचे सावंत, कांजूरचे राऊळ, मुलुंडचे परब, विक्रोळीच्या मंडळाची अख्खी कार्यकारिणी. मी ऐकत होते. एकही फोन कोकणातल्या माणसांबाहेर गेला नाही. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी सरांनी विचारलं, "कुठला भाग वाचू स्टेजवर?" ती म्हणाली, "विहिरीचा वाचा, सर. तो तुमच्या तोंडी फार शोभेल."

रविवारी सकाळी हॉल खचाखच. सर क्रीम रंगाच्या कुर्त्यात, सौरभ फोटो काढतोय, आम्ही दोघी तिसऱ्या रांगेत. सरांनी चष्मा लावला, पुस्तक उघडलं आणि अगदी नाटकात वाचतात तसं वाचायला लागले.

"हे झऱ्याच्या राजा, बारा वाटांच्या आणि चार सीमांच्या धन्या! आज तुझी लेकरं तुझ्या पायरीवर उभी आहेत, त्यांना पाठीशी घाल, महाराजा!"

मागून कुठून तरी, सवयीने, चार-पाच आवाज आले. "व्हय म्हाराजा."

सर थबकले, खूश झाले. आवाज चढवला. "त्यांच्या वाटेत कोणी काटा पेरला असेल, कोणी वाकडी नजर केली असेल, तर ती दूर कर, महाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता अर्धा हॉल. माणसं एकमेकांकडे बघून हसत होती. सरांना वाटलं, आपण सभा जिंकली. त्यांनी हात वर केला.

"आणि ज्याने दुसऱ्याच्या कष्टांवर आपलं नाव लावलं असेल, ज्याने दुसऱ्याच्या तोंडचा घास आपला म्हणून खाल्ला असेल, तो कितीही मोठा असो, त्याला शोधून काढ, त्याच्या अंगाला ते लागू दे, आणि त्याने आपल्या तोंडाने कबूल केल्याशिवाय त्याला सोडू नको, महाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पाचशे माणसं. शेजारी सुगंधाताईनेही म्हटलं, पण हळू, आणि डोळे मिटून.

टाळ्या थांबल्या तेव्हा पहिल्या रांगेतले दशरथ घाडी उठून उभे राहिले. भांडुपचे, ऐंशीच्या पुढचे. गावी गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्याच घराण्याकडे.

"ओ सायब, ह्या वेल्सचा न्हय. ह्या आमच्याकडचा गाऱ्हाणा. तुमका खय गावला?"

सर म्हणाले, "तिथे... एका वृद्ध गृहस्थांनी..."

"तो मालवणचो होतो काय?" हॉल फुटला. माणसं बाकं वाजवून हसली. घाडी मात्र हसले नाहीत. "हसण्यावारी नेव नका. गाऱ्हाणा बोलला की लागता. आणि जेना घातला तेनाच मागे घेवचा लागता. थयच, त्याच माणसांसमोर." ते खाली बसले. पुढची भाषणं कोणी ऐकली नाहीत. माणसं वडा खाता खाता एकच विचारत होती, ह्याने कोणाचं खाल्लंय? आणि ज्यांना ज्यांना गेली अकरा वर्षं टूरआधी सुगंधाताईचा फोन जायचा, त्यांना उत्तर शोधायला फार वेळ लागला नाही.

नवव्या दिवशी सरांना नागीण झाली. कमरेला, डाव्या बाजूने. डॉक्टर म्हणाले, वयाने होते, ताणाने होते, गोळ्या घ्या. पण नागीण म्हटलं की आपल्या माणसाला डॉक्टर ऐकू येत नाही. तिचं तोंड आणि शेपूट जुळलं तर माणूस संपला, असं त्यांना घरात, लिफ्टमध्ये, फोनवर, प्रत्येकाने सांगितलं. मला खोटं बोलायचं नाही, मला बरं वाटलं.

पुढच्या रविवारी सकाळी ते कांजूरला आले. योगायोगाने मी ताईकडेच होते. सरांच्या अंगात सैल सदरा, तो कमरेला लागू नये म्हणून दोन बोटांनी धरलेला. तिच्या आईने चहा ठेवला. सर चहाला शिवले नाहीत.

"ताई, ते तुम्ही घातलंत. तुम्ही मागे घ्या."

"मी कुठे घातलं, सर? पुस्तक तुमचं. नाव तुमचं. तोंड तुमचं. पाचशे साक्षीदार आहेत."

"ताई, मला रात्र रात्र झोप नाही."

"घाडीकाका बोलले ना उपाय. त्याच हॉलमध्ये, त्याच माणसांसमोर उभे राहा. म्हणा, हे माझं नाही, सुगंधा धुरीचं आहे. सुटलात."

सर म्हणाले, "ऑगस्टची बस तुम्ही घेऊन जा. टूर मॅनेजर म्हणून. दर वर्षी जा. लेखी देतो. त्या ग्वेनबाईंकडे आठ दिवस जास्त राहा. पण मला स्टेजवर उभं करू नका."

मी ताईकडे बघितलं. अकरा वर्षं ती ज्या घोड्याबद्दल बोलत होती तो आता तिच्या दारात आणून बांधला होता.  मला आतून वाटलं, घे गं बाई, घे, आयुष्यात एकदा तरी घे.

ती म्हणाली, "नाव."

"ताई, समजून घ्या. मी लोकांना तोंड कसं दाखवू?"

"नाव, सर."

सर उठले. दाराशी जाऊन चपला घातल्या आणि जिना उतरून गेले. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

सुगंधाताई खुर्चीत बसली आणि तेव्हा, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघितलंस अपूर्वा? ह्याला वाटतंय आपण मरणार. खरंच वाटतंय. आणि मरण परवडलं, पण माझं नाव घेणं नाही परवडलं."

सोमवारी तिने राजीनामा दिला. नागीण महिन्याभरात बरी झाली, ती होतेच. पण सरांचं काही बरं झालं नाही. दाढ दुखली तरी त्यांना गाऱ्हाणंच लागलं असं वाटतं, व्हिसा नाकारला गेला तरी तेच. जिथे चार मालवणी माणसं असतील त्या कार्यक्रमाला ते जात नाहीत, आणि आमच्या धंद्यात मुलुंड-भांडुपकडे मालवणी माणूस नसलेला कार्यक्रम सापडत नाही. पुस्तकाचे गठ्ठे ऑफिसच्या माळ्यावर आहेत. ग्वेन अजून अधूनमधून आमच्या नंबरवर फोन करून सुगंधा आहे का विचारते, मी तिला घरचा नंबर दिला.

ताई हल्ली घरी बसून इतर कंपन्यांसाठी लिहिते, नाव टाकणार असतील तरच. वेल्सला ती गेलेली नाही. दर सोमवारी सकाळी दहाला ती सरांना एक मेसेज पाठवते, मी स्वतः पाहिला आहे. नमस्कार सर, तब्येत कशी आहे? सर तो लगेच वाचतात, आणि उत्तर देत नाहीत.